बाटलीचं रॉकेट

रॉकेट शिकवायचा माझा उत्साह कुठं गेला म्हणून विचारताय ना? ऐका. बावड्यातल्या आमच्या शाळेत नववीतल्या वैष्णवीनं बाटलीत पाणी भरलं, सायकलच्या पंपानं हवा मारली आणि रॉकेट थेट छपरापलीकडं उडवलं. पोरं नाचायलाच लागली. तिच्या वडिलांना मी मुद्दाम बोलावलं होतं. तेही खूश.

"लई भारी, सर! आमच्या थोरल्याला शिकवा की हे."

"अहो, हे वैष्णवीनं केलंय."

"व्हय की. पण ही जाणार सासरी. तुमची मेहनत वाया जायची."

वैष्णवीनं भिजलेले हात ओढणीला पुसले आणि हळूच विचारलं, "सर, दादाला कधीपासनं पाठवू?"