लव्हडेबाईंच्या निरोपाला, कपबश्या विसळण्याआधी

आदरणीय अध्यक्ष पाद्रीबाबा, मंचावर अंग चोरून बसलेल्या सत्कारमूर्ती लव्हडेबाई, शेजारच्या गावाहून आलेले पाहुणे, आणि केकवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या पोलवेरोकरांनो!

पाद्रीबाबांनी मला पाच मिनिटं दिलीत. त्यांच्या प्रवचनालाही कुणी असं घड्याळ लावलं असतं तर गावाचं भलं झालं असतं. असो.

मी काही शिकलेली नाही. लहानपणीच मासळीच्या कारखान्यात डबे भरायला लागले. पुस्तक म्हणजे खिडकी आपटू नये म्हणून लावायची वस्तू, एवढंच ठाऊक. मग लव्हडेबाईंनी वाचनालयात गुरुवारचं वाचन सुरू केलं. त्यांनी वाचायचं, आपण विणत ऐकायचं.

या हिवाळ्यात त्यांनी ती जुनी प्रेमकथा काढली. आठवते ना ती नायिका? ज्याच्यावर जीव जडलाय तो समोर येऊन बसतो, आणि ही त्याला विचारते काय? "साखर किती घालू?" अर्धं पुस्तक नुसती साखर! मी सुया आपटल्या. म्हटलं, "अगं बये, बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

शेजारी विणत बसलेली मॉर्वेना म्हणाली, "जेनीफरमावशी, पुस्तकाला ऐकू येत नाही गं."

सगळे हसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "पण तिला कुणी विचारलंच नाही ना."

कोण बोललं? डेन्झिल! बंदराचा राखणदार. त्याला कादंबरी आवडत नाही, विणता येत नाही, तरी एक गुरुवार चुकवत नाही. वाचन संपलं की आत जाऊन कपबश्या विसळतो. आणि पुसायला कोण? लव्हडेबाई. मी ट्रे ठेवायला जाते तेव्हा कानावर काय पडतं?

"वारा फिरलाय."

"हो, फिरलाय खरा."

वर्षानुवर्षं वारा! एवढ्या वाऱ्यात जहाज अमेरिकेला जाऊन परत आलं असतं.

त्या दिवशी तो बोलला आणि लव्हडेबाईंना पुढची ओळ सापडेना. चष्मा पुसला, वाचलेलंच पुन्हा वाचलं. माझे टाके चुकतात, डोळे चुकत नाहीत.

आता बहिणीनं उत्तरेला बोलावलं, म्हणून बाई निघाल्या. कायमच्या. बस साडेपाचला. आणि आपण काय केलं? वर्गणी काढून बाईंना द्यायला भिंतीवरचं घड्याळ आणलं. सुरेख आहे हो! पण "राहता का?" असं कुणी विचारलं?

सत्कारमूर्तीनं कामाला हात लावायचा नाही, ही आपली रीत. आज ती मी मोडते. कपबश्या हे दोघंच विसळतील. दुसरं कुणी आत पाऊल टाकलं तर गाठ माझ्याशी आहे. डेन्झिल, ऊठ. लाल होऊन बसू नकोस. आणि वाऱ्याचं नाव काढलंस तर बघ!

केक करणाऱ्या बायकांचे आभार, पाद्रीबाबांचेही. उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला. आणि मॉर्वेना, ते घड्याळ कागदात गुंडाळायची घाई करू नकोस. वाचनालयाची भिंत मोकळीच आहे.