धुळ्याहून आणलेल्या बिनटॅक्सच्या वह्या

सन दोन हजार सव्वीस, जूनचा दुसरा आठवडा, ऊन काही हटत नव्हतं, आणि मी सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस धुळ्याच्या स्टँडवर वह्यांचं पोतं ओढतोय... कशापायी? तर मला एसटी फुकट!

तुम्हाला सांगतो, गल्लीत बोलून बसलो होतो, यंदा नातीच्या वह्या माझ्या पैशाने. तेवढ्यात सुनेच्या मोबाइलवर धुळ्याच्या दुकानाची जाहिरात आली, 'शाळेच्या सामानावर तीन दिवस टॅक्स आम्ही भरणार!' सून, दिपमाला, म्हणते, "आबा, आधी शाळेत विचारू." विचारायचं काय? वही ती वही! आणि पिंपळनेरहून जायला काय लागतं? मला एसटी फुकट!

गेलो. दुकानदार म्हणे, "काका, टॅक्स माफ, घ्या दाबून!" घेतल्या दाबून, खिशात चिल्लर उरेपर्यंत. परतताना कंडक्टर म्हणतो, "बाबा, तुमचं तिकीट शून्य, पण पोत्याचं लगेज लागेल." म्हणजे माणूस फुकट आणि वह्यांना भाडं! गेली ती चिल्लरही.

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन दिपमालासोबत नातीच्या इंग्रजी शाळेत. मॅडम नाक वर करून, "या चालणार नाहीत आजोबा. शाळेचं नाव छापलेल्याच लागतात. तिकडे काउंटर आहे." म्हटलं, "पोरगी आतल्या पानावर लिहिणार की तुमच्या नावावर? आणि यांच्यावर टॅक्स माफ आहे!" मॅडम हसल्या, "वह्यांवर टॅक्सच नाही आजोबा, सरकारने गेल्या वर्षीच काढला." घ्या! म्हणजे त्या दुकानदाराने माफ काय केलं? नसलेलं! काउंटरवरचा भाव वाचून म्हटलं, "मग तुमची वही दुप्पट कशी?" "तो शाळेचा दर."

खिशात दमडी नाही. दिपमालाने गुपचूप पर्स उघडली, पैसे भरले. मी म्हटलं, "उसने आहेत. फेडीन."

मग बसलो घराच्या ओट्यावर, पोतं उघडून, वह्या विकायला. शेजारची बेबाबाई आली, तिचा पोरगा भिकन झेडपीच्या शाळेत, तिथं कुठलीही वही चालते. वही उलटीपालटी करून म्हणते, "आबा, भाव कमी करा ना! तुमले ते एसटी फुकट शे!"

केला कमी. तिचं पाहून सगळ्या गल्लीने तोच भाव लावला. पोतं संपलं, तरी पैसे पुरेनात. महिनाभर विडी ओढली नाही, तेव्हा पुरले.

दिपमालाच्या हातावर ठेवले. फिटले.