शेवटचा भाग रविवारी

तुम्ही म्हणता ना, मला फेसबुकवर वाचक सांभाळणं चांगलं जमतं, तर हे ऐका.

रुसून गेलेल्या लेकीची कथा मी भागाभागानं टाकत होते. "लोकांना जरा ताटकळत ठेव," असं एका मैत्रिणीनं बजावलं होतं. मी आज्ञाधारक. शेवट लिहून तयार होता, तरी आठवडाभर अडवून ठेवला.

गडमुडशिंगीच्या एका बाईंचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, आमच्या आत्यांना, म्हंजे सासूबाईंना, मी तुमची कथा वाचून दाखवते. आजारी हायत त्या. सारखं इचारत्यात, ती लेक आईला भेटाय येती का न्हाय?"

मी कळवलं, "थोडी उत्सुकता राहू द्या की. रविवारी कळेल." पुढं हसरा चेहरा. माझ्या बाळाला नुसती शिंक आली तरी मी डॉक्टरांना फोन करते, पण 'आजारी' हा शब्द ऐकून सरळ पुढं गेले.

रविवारी सकाळी मोठ्या तोऱ्यात त्यांना लिहिलं, "आज शेवट येतोय, आत्यांना सांगा."

"आत्या शुक्रवारी गेल्या, मॅडम."

मी 'माफ करा' असं लिहून पाठवलं. थोड्या वेळानं त्यांचाच आवाज आला. "असू द्या. लईच इचाराय लागल्या, तवा मीच सांगितलं, आली म्हणून लेक. आईच्या उशाला बसली म्हटलं. बरं वाटलं त्यांना. आता तुम्ही बी तसंच लिवा."

माझ्या तयार शेवटात ती लेक येतच नव्हती.