पेंडी वरसून काढूची

माझा म्हायार कुणकेश्वराकडचा, दर्याच्या काठार, बापूस होडयेर जाय, घरात जाळी नि दारात माड. लगीन झाला ता फोंड्याकडच्या गावात, भातशेतीच्या घरात. काय सांगू तुमका, बैलाक चारो घालताना हात किती लांब ठेवचो ह्या पण माका ठावक नव्हता.

गोठ्यात तीन बैल, दोन कामाचे, तिसरो पवळो, म्हातारो, दात गेलेलो. माका भीती वाटली नाय ती एका पवळ्याची. मी इलंय की मान फुडे करी.

आंगणात उडवी, म्हणजे मधी खांब नि भोवतीन भाताचा सुका गवत रचलेला, घराएवढा उंच. सासऱ्यान पयल्याच दिवशी सांगल्यान, शिडी लाव नि पेंडी वरसून काढ. पण नव्या सुनेन लुगडा सावरून सगळ्यांच्या देखत शिडयेर चढूचा तरी कसा, म्हणान मी खालसून ओढी, भोवतीभोवतीन ओढी. चैतात उडवी कलांडली नि दुसऱ्या दिसा अवकाळी पाऊस. अर्ध्याच्या वर गवत भिजला, कुसला. कुसलेला गवत गोरवांक घालूक येना नाय.

सासऱ्यान शिव्या घातल्यान असत्यान तर बरा वाटला असता. ऱ्हवलेला गवत बघल्यान नि सासूक म्हणालो, दोघांपुरताच आसा, पवळ्याक बाजारात न्हेतंय. म्हाताऱ्या बैलाक कोण कशाक घेता, ता काय माका कळत नव्हता?

मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, घराच्या छपरार घालूक ठेवलेला गवत होता. सासऱ्यासमोर मी कधी तोंड उघडूक नव्हता, त्या दिसा उघडलंय. म्हटलंय, मामांनू, ता गवत पवळ्याक घाला, छपार मी माडाच्या झावळांची चुडतां विणून करतंय, आमच्याकडे सगळी घरां तशीच. सासू म्हणाली, लोक काय म्हणतले, आमी काय दर्यावरचे? सासरो उठलो, कोयतो घेतल्यान नि व्हाळाकडच्या माडांकडे गेलो.

पंधरा दीस विणत होतंय, बोटां फाटली. पवळ्याक गवत बारीक कापून पेजेत भिजवन घालूचा लागा, एक घमेला खावक तेका सगळी सकाळ जाय. पाऊस पडलो तेव्हा सासू गळती शोधीत घरभर फिरली. गळत होता एकाच जाग्यार, माझ्याच हांतरुणार.

भात झोडून नवी उडवी उभी रवली. आमच्याकडे पयली पेंडी घरधन्यान काढूची. सासऱ्यान शिडी लावल्यान नि माका हाक मारल्यान. सगळ्या वाडयेच्या देखत चढलंय. ती पेंडी पवळ्याक दिली, दात खंय होते, तोंडात धरून नुसतो उभो रवलो. शिमग्याआधी गेलो तो, आपल्याच गोठ्यात गेलो.

आता घरार मातयेचे नळे, कौलां आसत. उडवी मीच रचतंय, मीच काढतंय. सासरो गेलो तेका दोन वर्सां झाली. शेवटी वाचा जड झाली होती, माका जवळ बोलावल्यान, माका वाटला कायतरी जमिनीचा सांगतलो. म्हणालो, वरसून काढ गो. नि हसलो. देव तेका बरी जागा देवो.