नाश्ता आठ ते दहा

सुधन्वा : पॅनलच तसं असतं, अण्णा. ऑर्गॅनिक असतं ते.

अण्णासाहेब : म्हणजे नासतं?

सुधन्वा : नासत नाही, झिजतं. जुन्या टीव्हीत मागे दिवा असायचा. यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो, आणि उजेड देता देता त्यातलं रसायन संपत जातं. निळा सगळ्यांत आधी.

चंद्रप्रभा : निळ्यानं काय घोडं मारलंय?

सुधन्वा : त्याला जोर जास्त लावावा लागतो, आई. एकदम नॉर्मल आहे, यार. चार वर्षं झाली टीव्हीला.

अण्णासाहेब : यार नाही, बाप आहे मी. आणि त्यातले शेवटचे आठ महिने आम्ही पुण्यात होतो. बंद टीव्ही झिजतो?

सुधन्वा : दमट हवा लागली तर होतं थोडंफार.

अण्णासाहेब : हवा सगळ्या पडद्याला लागेल, की फक्त अक्षरांना?

सुधन्वा : कसली अक्षरं?

अण्णासाहेब : अगं, ती तपासणीची राखाडी पाटी लाव बघू. सकाळी लावली होतीस ती.

(पडदा सपाट राखाडी होतो. त्यावर फिकट काळसर ओळी दिसू लागतात.)

सुधन्वा : अच्छा, हे होय! न्यूज चॅनलच्या पट्ट्या असतात ना, त्या. एकच गोष्ट एकाच जागी सतत राहिली की तिथले ठिपके जास्त थकतात. मग अशी सावली उरते. टीव्ही आधी झाकून नेतो, थकलेल्यांना जादा वीज देतो. पण एका मर्यादेपर्यंतच.

अण्णासाहेब : मग ती मर्यादा संपलेली दिसते. मी बत्तीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात वाळवीनं खाल्लेले कागद वाचले, सुधन्वा. हे तर छापखान्यातून आल्यासारखं आहे. वर ‘वेलकम’. खाली ‘नाश्ता आठ ते दहा, चेक-आउट अकरा’. कुठलं चॅनल हे?

चंद्रप्रभा : त्याच्याखाली विमानतळाचंही आहे काहीतरी. वीस मिनिटं.

सुधन्वा : आई, एक मिनिट, ऐक—

अण्णासाहेब : आणि शेवटची ओळ. ‘तुमची होस्ट : चंद्रा आंटी’.

चंद्रप्रभा : मी?

सुधन्वा : लोकांना होमली वाटतं, आई. दिल्लीच्या द्वारकेत, एअरपोर्टजवळ, मराठी आंटीचं घर, घरचे पोहे. रिव्ह्यू बघशील तर खूश होशील.

चंद्रप्रभा : पोहे कोण करतं?

सुधन्वा : सेक्टर दहाचा एक केटरर. वर भुजिया घालून देतो.

चंद्रप्रभा : माझ्या नावावर भुजिया.

अण्णासाहेब : मी काल दार उघडलं तेव्हाच म्हटलं, बंद घराचा वास कसा नाही? वर तू मला सांगितलंस, खिडक्या उघडायला येत होतो.

सुधन्वा : येतच होतो! चादरी बदलायला यावंच लागायचं. अण्णा, घर रिकामं पडलं होतं. आजकाल कोणी असं ठेवत नाही.

अण्णासाहेब : एक्याण्णव साली सोसायटीचा फॉर्म भरला. बारा वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गळक्या छताखाली बादल्या लावून वाट पाहिली. आणि रिकामं ते पडलं नव्हतं. आम्हाला पुण्याला धाडून तू केलंस.

सुधन्वा : आईच्या दम्यासाठी केलं! दिल्लीची हवा काय आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?

चंद्रप्रभा : नोव्हेंबरात मान्य. जुलैत रे? मी दिल्लीत पस्तीस पावसाळे काढलेत. तरी म्हटलं, सुधन्वा सांगतोय तर बदलली असेल हवा. देवयानीच्या सासूबाई रोज विचारायच्या, ‘अजून नाही का हो सुधारली तुमच्याकडची हवा?’ मुलीच्या सासरी आठ महिने! दुसरा चहा हवासा वाटला तरी मी मागितला नाही कधी. आणि इथं माझ्या पलंगावर कोण कोण झोपून गेलं.

सुधन्वा : सॉरी, आई. बिल्कुल चुकलं. सांगायला हवं होतं.

अण्णासाहेब : सांगायला हवं होतं? बस, एवढंच चुकलं?

सुधन्वा : चलो, आता तुम्ही आलात, मी सगळं बंद करतो. फक्त... रविवारचं तेवढं होऊ दे.

अण्णासाहेब : रविवारी काय आहे?

सुधन्वा : एक बुकिंग आहे. ऐन वेळी कॅन्सल केलं तर रेटिंग जातं. दोनच दिवस. तुम्ही माझ्याकडे गुडगावला या ना. हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे, एकदम कम्फर्टेबल.

अण्णासाहेब : बंद करणाऱ्याला रेटिंग कशाला लागतं?

चंद्रप्रभा : थांबा हो. कोण येतंय रविवारी?

सुधन्वा : वयस्कर जोडपं आहे, आई. भोपाळचं. काही त्रास नाही त्यांचा. मंगळवारी कॅनडाला चाललेत, मुलाकडे. सहा महिने राहणार आहेत म्हणे.

चंद्रप्रभा : येऊ देत. पोहे मी करीन, मागच्या खोलीत झोपू आम्ही.

अण्णासाहेब : अगं, काय बोलतेस तू?

चंद्रप्रभा : फक्त फोन करून एवढं विचार त्यांना, सुधन्वा. मुलानं स्वतः बोलावलंय ना?