गुरुजींची प्रार्थना आणि साहेबांची जीप

आमचे शमुवेल गुरुजी नव्वदी ओलांडून गेले. पण एवढ्या आयुष्यात हा भाविक ख्रिस्ती माणूस एकदाही खोटे बोलला नाही. मी त्याचा साक्षीदार आहे.

कुसगावजवळच्या आमच्या शाळेत ऐन भातलावणीत तपासणी आली. हजेरी अपुरी दिसली तर शाळा बंद होणार होती. गुरुजी स्वतः शेतकऱ्याचे पुत्र, लावणीला मुलांना अडवीत नसत. त्यामुळे वर्गात आम्ही तिघेच. साहेब दारात आले, तेव्हा गुरुजी डोळे मिटून गुडघ्यांवर बसले होते.

"झोप काढताय?"

"नाही साहेब, प्रार्थना करीत होतो."

"कसली?"

"आपली जीप चिखलात रुतावी, अशी."

साहेबांनी आपल्या माखलेल्या विजारीकडे पाहिले. "रुतली आहे. आता काढणार कोण?"

गुरुजींनी बांधावरून हाक घातली. खाचराखाचरांतून अवघी शाळा धावली. "व्हा बाजूला, सायेब!" म्हणत पोरांनी जीप रस्त्यावर आणली. साहेबांनी तिथेच हजेरीपट मागवला. एकही नाव गैरहजर निघाले नाही.

जीप दिसेनाशी झाल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "मी केवळ चिखल मागितला होता रे, हजेरी परमेश्वराने आपणहून दिली."