कोरा रोल आणि माहेराला येणाऱ्या मोटरी

आमी मूळचं मेंढरांमागं हिंडणारं. आजा कळप घेऊन कोकणात उतरायचा, बापानं मेंढरं इकून पिंपरी पेंढारला शेती धरली, आन् मी दोन्हींतून निसटून जळक्या मोटरी भरायला बसलो. भरायच्या म्हंजी इहिरीवरची मोटर जळली की आतली तार काढायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश पाजून वाळवायची आन् झाकण लावायचं. काय सांगू तुम्हाला, हात माझा गोड व्हता, पण मोटरी माझ्याकडून नांदायला जायच्या आन् महिन्याभरात माहेराला परत यायच्या. गिऱ्हाइकं तुटाया लागली. मी म्हणायचो, लाईटच खराब, मी काय करू.

त्यात नव्वद सालानंतर मला फोटोचं याड लागलं. नारायणगावच्या वसंतराव फोटोवाल्याकडनं जुना कॅमेरा घेतला, रोल घातला, आन् बैलपोळ्याला गावभर सांगून टाकलं, बैलं धुऊन शिंगं रंगवून आणा, फुकाट फोटो. सगळं गाव लोटलं. नामदेवमामा, म्हंजी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, नवा फेटा बांधून खिल्लारी जोडीच्या मधी असं उभं राहिलं की माशी बसली तरी हालंनात. रोल छत्तीस फोटोंचा. आकडा छत्तीसवर गेला, अडतीसवर गेला, एक्केचाळीसवर गेला, तरी खटका दाबतोच आहे. मी म्हणलो, राव, रोल लई दिलदार निघाला!

वसंतरावांनी धुतलेली पट्टी खिडकीपुढं धरली, तर पार आरपार, काचंसारखी. म्हणाले, धुक्याचं फोटो काढलंस का काय? अरे, पट्टी आतल्या चाकात अडकलीच न्हाई, सगळा वेळ जाग्यावरच व्हती. पट्टी सरकली की ही बाजूची कडी फिरती; चावी देताना ती फिरती का, एवढं बघायचं व्हतं. झाकण लावून पळत सुटलास.

गावात मी ठोकून दिलं की रोल धुवायला पुण्याला गेलाय. झालं! मामा रस्त्यात दिसलं की, काय भाऊ, आलं का पुण्याहून? आन् सुमन, आमची मंडळी, पदरात तोंड घालून हसणार.

दुसऱ्या रोलला कडी फिरली, पण मी फोटोगणिक सगळंच बदललं, उजेड, अंतर, काचंचं भोक, येळ. चार फोटो झ्याक आलं, पण का आलं ते मलाच ठाऊक न्हाई. वसंतराव म्हणाले, एका येळेला एकच गोष्ट बदल, आन् लिहून ठेव. मग तिसरा अख्खा रोल मी आमच्या म्हशीवर घातला. तीच म्हैस, तीच जागा, दर फोटोला एकच बदल, आन् सुमन बाजूला वही धरून बसलेली. शेजारीण इचारती, म्हशीचं लगीन ठरवताय का? हसा म्हणलं. पण वहीत दिसलं ना! कधी काळं येतंय, कधी पांढरं, सगळं आकड्यात.

त्याच पावसाळ्यात मामांची मोटर तिसऱ्यांदा माहेराला आली. टेम्पोतून उतरून म्हणाले, टोमॅटो फुलावर आलाय, नेमकी पावसानं दडी मारलीया. आता ही जळली तर मोटर आन् तू, दोघंबी इहिरीत. आन् पुण्याचं फोटो?

मी घाबरून नवी तार, नवं बेरिंग, नवं वॉर्निश, सगळंच एकदम बदलायला काढून ठेवलं. सुमन म्हणाली, म्हशीला एक न्याय आन् मोटरीला दुसरा व्हय?

तिथं डोक्यात उजेड पडला बघा! बसलो दोघं. वर्षभरात कोणची मोटर परत आली, कधी भरली व्हती, आठवून आठवून वहीत मांडलं. परत आलेल्या जवळपास सगळ्या आषाढ-श्रावणातल्या! उन्हाळ्यातली एखादीच. तार तीच, हात तोच. म्हंजी काय, ढगाळात वॉर्निश आत ओलंच राहायचं, आन् मी वरून बोट लावून म्हणायचो, वाळलं. लाईटीला उगंच शिव्या. मग दुसरं काहीच बदललं न्हाई, फकस्त पत्र्याच्या पिंपात दोन बल्ब सोडून मोटर दोन दिवस शेकली, आन् झाकण लावायच्या आधी मीटर लावून ओल बघितली. कडी फिरती का, तसंच.

मोटर गेली. आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर न्हाई. महिना झाला, टोमॅटो बाजारला गेला, आन् एक दिवस मामांचा टेम्पो दुकानापुढं थांबला. म्हणलं, आली परत माहेराला! मागं वाकून बघतो तर मोटर न्हाई, दोन बैलं उभी, रंगवलेली. मामा म्हणाले, पुण्याचा रोल काय येत न्हाई, सुमननं सांगितलं मला पोळ्याच्या आठवड्यातच. चल, काढ आता.

कडी फिरली. मी नाचायचाच बाकी! बैलं अशी आली की शिंगावरचा रंग मोजावा. फकस्त मामांचं डोकं फेट्यासकट वरच्या कडंला कापलं.

मामांनी फोटो तसाच भिंतीला लावला. म्हणाले, बैलं आली ना, माझ्याकडं कोण बघतंय.

आता अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं माझं पिंप बघाया येत्यात, त्यांचे सर म्हणतात ही तर प्रोसेस इम्प्रूव्हमेंट. मी म्हणतो, सर, म्हशीची कृपा. मोटरी आता सासरीच नांदत्यात, देव त्यांना तिथंच सुखी ठेवो. पण ती वही तुम्ही उघडून बघा, मामांच्या फोटोपुढं सुमनचं अक्षर आहे: उजेड बरोबर, अंतर बरोबर, पुढच्या पोळ्याला मामांचं डोकं.